खानविलकरकाकींचं सांगणं

आमच्या इमारतीत वाईट बातमी आली, की ज्याची असेल त्याच्या घरी पोचण्याआधी ती पहिल्या मजल्यावर खानविलकरकाकींच्या दारात थांबायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत तसा काही ठराव झाला नव्हता. पण कुणाचा भाऊ गावाकडे वारला, कुणाचे वडील दवाखान्यात गेले, की ज्यानं फोन घेतला असेल तो घाईघाईनं चपला अडकवून काकींकडे यायचा आणि म्हणायचा, "काकी, तुम्हीच चला. आमच्यानं नाही सांगवणार." काकी हातातलं काम ठेवायच्या, चष्मा पुसायच्या आणि निघायच्या.

काकींना जाऊन आता वर्ष होत आलं. कोपरीतली आमची इमारत होती तशीच आहे. वाईट बातमी आता सोसायटीच्या ग्रुपवर येते, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरी जायचं कधी, यावर आम्ही बायका जिन्यात उभ्या राहून खल करतो. अशा वेळी पहिल्या मजल्यावरच्या त्या बंद दाराकडे माझं लक्ष जातंच.

त्या मायाळू वगैरे होत्या असं कुणी म्हणणार नाही. अंगानं काटकुळ्या, आवाज खणखणीत आणि बोलणं सरळसोट. माणसं बोलतात एक, मनात असतं दुसरं आणि ऐकणाऱ्यानं तिसरं समजून घ्यायचं असतं, ही आपल्या घराघरांतली रीत काकींना मान्यच नव्हती. पाहुणा आला आणि चहाला "नको, नको" म्हणाला, तर त्या चहा टाकत नसत. आपल्याकडे पहिलं "नको" शिष्टाचाराचं असतं, दुसरं तोंडदेखलं, आणि तिसऱ्याला कप हातात येतो. काकींकडे पहिल्याच "नको"ला विषय संपायचा. मीही नवी असताना त्यांच्याकडून कोरड्या घशानं परत आले होते. नंतर कधीतरी ते बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "अगं, नको म्हणालीस ना तू? मी काय तुझ्या मनात शिरून बघू?"

"या ना एकदा घरी" असं कुणी म्हटलं, की त्या विचारायच्या, "कधी येऊ? वार सांगा." समोरच्याची अशी काही तारांबळ उडायची की बघत राहावं. बिचारे खानविलकरकाका तेवढ्यासाठीच त्यांच्या मागे मागे असत. "तिला तसं म्हणायचं नव्हतं हो," हे काकांचं आयुष्यभराचं वाक्य. काकी वळून म्हणायच्या, "मला तसंच म्हणायचं होतं." मी स्वतः गोडबोल्या घरातली. कुणाला दुखवू नये, वेळ मारून न्यावी, हे आमच्याकडे वरणभाताबरोबर शिकवतात. त्यामुळे सुरुवातीला मला काकींचा रागच यायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी त्यांच्या माघारी म्हटलेलंही आहे.

माझं मत बदललं ते निलेशच्या लग्नाच्या वेळी. निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा. डोंबिवलीला एक मुलगी बघायला जायचं होतं आणि बरोबर बाई माणूस असावं म्हणून त्यांनी मलाही नेलं होतं. पोहे झाले, बोलणं झालं, निघताना काका रिवाजाप्रमाणे म्हणाले, "घरी बोलून कळवतो." खाली रस्त्यावर येताच निलेश म्हणाला, "नको आई. नाही जमणार." काका रिक्षाला हात करत म्हणाले, "ठीक आहे. आपण काहीच कळवलं नाही की समजतील ते." हेही आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. नकार कुणी देत नाही, तो ज्याचा त्यानं समजून घ्यायचा असतो.

काकी रिक्षात बसल्या नाहीत. तशाच मागे फिरल्या आणि जिना चढून वर गेल्या. मी धावत त्यांच्यामागे. दार मुलीनंच उघडलं, पोह्याच्या बश्या अजून टीपॉयवर होत्या. काकी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "बाळ, आमच्याकडून नकार आहे. तुझ्यात काही कमी नाही, त्याचं मन नाही. तू वाट बघू नकोस." आतून मुलीची आई आली आणि तिनं आमच्या तोंडावर दार लावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आम्ही खाली उतरतोय तोवर ती मुलगी मागून आली. तिच्या हातात माझी विसरलेली छत्री होती. छत्री माझ्याकडे देऊन ती काकींना म्हणाली, "मागच्या स्थळानं कळवतो म्हणून सांगितलं होतं. आई पार दिवाळीपर्यंत फोन वाजला की धावायची." एवढंच बोलून ती वर गेली. रिक्षात काका संतापानं लाल झाले होते. काकी बाहेर बघत होत्या.

काकींची नोकरी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्या बोर्डावर बसायच्या. बोलणाऱ्यांचं ऐकायचं नाही असा दंडक होता, पण लाइन नीट लागली की नाही हे बघायला कानावर घ्यावंच लागे. एकदा त्यांच्याकडे वालाच्या शेंगा सोलत बसलो असताना मी विचारलं, "काकी, लोकांना अशा बातम्या सांगायचं तुम्हाला धाडस तरी कसं होतं?"

"धाडस कसलं? मला भीतीच वाटते," त्या म्हणाल्या. "पण मी बोर्डावर वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकलंय. 'तब्येत जरा जास्त आहे, येऊन जा.' ते कानावर पडलं की आम्ही ओळखायचो, माणूस गेलेला आहे. ऐकणारा मात्र विचारत बसायचा, डॉक्टर काय म्हणाले, रक्त लागेल का, मी इथून औषध आणू का. आणि तिकडचा त्याला उत्तरं देत बसायचा. मेलेल्या माणसाच्या औषधाची चौकशी चाललेली असायची, मीना."

त्यांनी टरफलांचा ढीग बाजूला सारला.

"आणि एक दिवस माझ्या भावाचा फोन आला. संगमेश्वरहून. तेच वाक्य. 'बाबांची तब्येत जरा जास्त आहे, येऊन जा.' दुसऱ्यांच्या वेळी मला कळायचं गं. त्या दिवशी नाही कळलं. मी एसटीत बसले. महाडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा खाली उतरून बाबांसाठी मोसंबी घेतली, चांगली निवडून निवडून. घरी पोचले तर अंगणात गर्दी, आणि माझ्या हातात ती पिशवी. ती कुठे ठेवावी तेच मला कळेना. सगळा गाव त्या मोसंब्यांकडे बघत होता."

त्या दिवसापासून काकींनी ठरवलं होतं, की सांगायची वेळ आली तर खरं ते सांगायचं. मी अनेकदा त्यांच्याबरोबर गेले आहे. त्या घरात शिरून आधी शेगडी बंद करायला लावत, त्या माणसाला बसवत, स्वतः त्याच्या शेजारी बसत. मग नाव घेऊन एका वाक्यात सांगत. "सुरेश, तुझे वडील गेले." तब्येत बिघडली होती, मग डॉक्टर आले, मग असं झालं, असा पाल्हाळ नाही. "धीर धर" नाही, "रडू नकोस" तर नाहीच नाही. समोरचा रडायचा, ओरडायचा, कधी त्यांनाच वाटेल ते बोलायचा. काकी तिथून हलत नसत. नातेवाईक जमले, निघायची तयारी झाली, की मग कुणाच्या लक्षात न येता घरी जात.

पण त्यांचं नेहमी बरोबरच असायचं असं नाही, हेही सांगितलं पाहिजे. तळमजल्यावर भोईर राहतात. त्यांचा प्रदीप तेव्हा आंबिवलीला कारखान्यात होता. दुपारी त्याची आई बसल्या जागी गेली. प्रदीपची बायको संगीता त्याला फोन लावून बसली, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना. काकींनी फोन घेतला आणि सांगितलं, "प्रदीप, आई गेली रे. सावकाश ये." तो कसला सावकाश येतोय? मोटारसायकलवरून निघाला आणि दुर्गाडीच्या पुलाजवळ पडला. पाय मोडला. आईला अग्नी चुलतभावानं दिला, प्रदीप कल्याणच्या एका दवाखान्यात पाय टांगून पडलेला.

संगीता भर जिन्यात काकींना म्हणाली, "दोन तास खोटं बोलला असतात तर काय जीभ झडली असती तुमची? पोराला आईचं तोंड बघायला मिळालं नाही."

काका नेहमीसारखे पुढे झाले, "तिला तसं..." एवढंच म्हणाले. काकी रोज कल्याणला जाऊन प्रदीपच्या खाटेजवळ बसत, तो भिंतीकडे तोंड फिरवून पडे. पुढे तो त्यांच्याशी बोलायला लागला, पण ते पूर्वीसारखं नव्हतं. कित्येक महिने काकी कुणाकडे गेल्या नाहीत. कुणी बोलवायला आलं तर दार न उघडता आतूनच "मला बरं नाही" म्हणत. काकींनी माझ्यादेखत बोललेलं ते पहिलं खोटं.

त्यानंतर त्या गेल्या ते तिसऱ्या मजल्यावरच्या केतकीसाठी. केतकी ऐरोलीला एका ऑफिसात होती. तिचे वडील सकाळी फिरायला गेले ते रस्त्यातच कोसळले. तिची आई मोबाइल हातात धरून काकींच्या दारात येऊन उभी राहिली. काकी म्हणाल्या, "फोन करू नका. मी जाते." आणि रिक्षा करून ऐरोलीला गेल्या. केतकी मला नंतर म्हणाली, "काकींना रिसेप्शनला बसलेलं पाहिलं तेव्हाच मी समजले. पण त्यांनी मला बसवलं, सांगितलं आणि परतीच्या रिक्षात माझा हात धरून बसल्या. बाबा पडले तेव्हा जवळ कोण होतं, काही बोलले का, मी सगळं विचारलं. त्यांना माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं, नव्हतं ते 'माहीत नाही' म्हणाल्या. मी पूर्ण रडून घेतलेलं. म्हणून घरी आल्यावर आईला सांभाळता आलं मला."

काका गेले तेव्हा काकी कुणाच्या सांगण्याची वाट बघत बसल्या नाहीत, डॉक्टरांच्या तोंडाकडे बघूनच त्या उठल्या. पुढे त्या एकट्याच राहत होत्या. निलेशचं लग्न होऊन तो कल्याणला गेला होता. दर रविवारी यायचा, आईसाठी सुरमई घेऊन यायचा आणि दुपारभर तिच्याशी वाद घालायचा. तो वाद जिन्यापर्यंत ऐकू यायचा आणि मला फार आवडायचा. राजकारणापासून आमटीतल्या मिठापर्यंत कुठल्याही विषयावर ते दोघं भांडत आणि मग एकत्र जेवत.

मग काकींचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं. एक दिवस निलेश त्यांना तपासण्यांसाठी घेऊन गेला, तो थेट कल्याणला आपल्या घरीच घेऊन गेला. दोन दिवसांनी तो एकटाच कोपरीला आला, आईचे कपडे न्यायला. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "मीनाताई, कॅन्सर आहे. स्वादुपिंडाचा. पसरलाय. डॉक्टर म्हणतात काही करण्यासारखं नाही." आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आईला अल्सर म्हणून सांगितलंय. प्लीज, तुम्ही सगळे तेच सांगा. तिला कळलं तर ती खचेल."

ज्या बाईनं उभ्या इमारतीला खरं सांगितलं, तिच्याशीच आता उभी इमारत खोटं बोलणार होती. मला ते पटलं नाही. पण मुलगा तिचा, मी कोण? मी मान डोलावली.

आम्ही आळीपाळीनं कल्याणला जायचो. मऊ भात, भाज्यांचं सूप असं काहीबाही न्यायचो आणि ठरल्यासारखं बोलायचो. "चेहऱ्यावर टवटवी आलीय हं." "अल्सरला वेळ लागतोच." संगीतासुद्धा आली. ती म्हणाली, "काकी, गणपतीला तुम्ही घरी असणार बघा." काकी सगळ्यांना म्हणायच्या, "हो, बरं वाटतंय." मला नवल वाटायचं. "या ना घरी"ला वार विचारणारी ही बाई, हिला आमची नाटकं कळत नसतील? निलेश तर दर थोड्या वेळानं खोलीत डोकावून विचारायचा, "आई, बरं वाटतंय ना?" त्याला उत्तर एकच देता येतं. काकी ते द्यायच्या. दोघांमधले वाद थांबले होते. गोळी घेतलीस का, घेतली. पाणी देऊ का, दे. बस्स.

एकदा मी गेले तेव्हा निलेश ऑफिसला होता आणि त्याची बायको मनीषा बाजारात. काकी उशीला टेकून बसल्या होत्या. हाडं आणि कातडी उरली होती. मी नेहमीसारखं सुरू केलं, "आज बऱ्या दिसताय काकी." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. चेहरा पिळवटला. कळ येऊन गेली असावी. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझं गोड बोलणं ठेव आता बाजूला. दमले मी."

मी रडायलाच लागले. "तुम्हाला माहीत आहे?"

"पोट माझंच आहे ना, मीना."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? निलेश खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून. अल्सर म्हणाला तेव्हा असे लाल झाले होते की मला त्याचीच दया आली."

"मग तुम्ही का बोलत नाही? तुम्ही, काकी?"

"तो एवढ्या कष्टानं खोटं बोलतोय गं. माझ्यासाठी. वाटलं, होऊ दे त्याच्या मनासारखं. त्याला बरं वाटेल. पण आता बघतेय, त्यालाही बरं वाटत नाही. तो दाराशी येतो, तेच विचारतो आणि पळून जातो. एवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघं गोळ्यांवर बोलतो फक्त. मला त्याच्या बापाबद्दल त्याच्याशी बोलायचंय. घराचं काय करायचं ते बोलायचंय. नुसतं भांडायचंय एकदा. ते काहीच होत नाही. असंच मी गेले तर त्याच्या मनात राहील ते, माझ्याही."

मी म्हणाले, "मी सांगू का निलेशला, की तुम्हाला कळलंय म्हणून?"

"नको. मी सांगेन. रविवारी तो घरी असतो. तू ये. माझं सांगून झालं की त्याच्याजवळ कुणीतरी असायला हवं. मनीषा लहान आहे, घाबरेल. आणि मी..."

रविवारी मी गेले. मनीषाला कशी कुणास ठाऊक, कल्पना आली होती. ती माझ्याबरोबर बाहेरच्या खोलीत बसली, मांडीवर हात घट्ट धरून. आतलं दार उघडंच होतं. निलेश नेहमीसारखा आत डोकावला. "आई, बरं वाटतंय ना?"

"निलेश, आत ये. बस इथं."

तो बसल्याचा खाटेचा आवाज आला.

"मला कॅन्सर आहे, आणि मी यातून उठणार नाही."

काकींचा आवाज बारीक झाला होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट. मग निलेश ओरडला, "कोण बोललं तुला? मीनाताई बोलल्या का?" मला वाटलं तो आता बाहेर येतो. तो आला नाही.

"कुणी नाही बोललं. तुझे कान बोलले."

त्यावर तो हसला की रडला ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही. मग मात्र नुसता रडत राहिला. एवढा मोठा माणूस, त्याचं ते रडणं ऐकवत नव्हतं. मधेच म्हणत होता, "आई, मला जमलंच नाही गं. मी रोज ठरवायचो आणि मला जमलंच नाही." काकी त्याला गप्प हो म्हणाल्या नाहीत. मला उठून आत जायचं होतं, त्यासाठीच तर मी आले होते. मी दारापर्यंत गेलेही. निलेश खाली जमिनीवर बसून खाटेच्या कडेला कपाळ टेकून होता. काकींचा हात त्याच्या डोक्यावर होता. त्यांनी मला पाहिलं आणि मान हलवून थांबवलं. माझी गरज नव्हती.

बऱ्याच वेळानं निलेशनं डोकं वर केलं. बाहीनं नाक पुसलं. आईच्या चेहऱ्याकडे इतक्या जवळून त्यानं कित्येक दिवसांत पाहिलं नसावं. आणि त्यानं हळू आवाजात विचारलं, "आई, खूप दुखतं का गं?"

काकींचा चेहरा एकदम सैल पडला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "खूप दुखतं."

आणि इतके दिवस ओठ मिटून धरलेल्या काकी मुलाचा हात पोटाशी घेऊन मोठ्यानं कण्हायला लागल्या.